पायाभूतपेक्षा संकलितला गुण कमी: आठवीच्या गणितात नेमकं काय तपासायचं?

सातपूर_गणित

नाशिक महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीचं गणित माझ्याकडे आहे. आठवीचा वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीचा निकाल बरा होता, पहिल्या सत्राअखेरच्या संकलित-१ मध्ये तो चांगलाच खाली आला. शिष्यवृत्तीला बसवलेल्या मुलांपैकी मागच्या खेपेला मोजकीच पात्र ठरली. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी विचारणा केली. आता वरून आदेश असा की रोज एक जादा तास घ्या आणि जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्या.

प्रश्न दोन. हे दोन निकाल शेजारी ठेवून घसरण झाली असं म्हणता येतं का? आणि तिन्ही वर्गांना मिळून गणिताचा शिक्षक एकच असताना दिवाळी ते फेब्रुवारी एवढ्या वेळात कुठे हात घातला तर उपयोग होईल? ‘सराव वाढवा’ हे सगळेच सांगतात. कशाचा सराव, ते कुणी सांगितलं तर बरं.

---

केंद्र_नाशिकरोड

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही म्हणता येत. पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींवर असते. तुमच्या आठवीने ती देताना सातवीचं गणित सोडवलं: पूर्णांकांचे गुणाकार-भागाकार, समप्रमाण-व्यस्तप्रमाण, सरळव्याज. संकलित-१ आठवीच्या पहिल्या सत्रावर होती: परिमेय-अपरिमेय संख्या, समांतर रेषा व छेदिका, घातांक, विस्तारसूत्रे, अवयव. दोन्ही पेपर ५० गुणांचे, पण एकाच्या गुणांतून दुसऱ्याचे वजा करून जी संख्या येते तिला काही अर्थ नाही. तुलना करायचीच तर त्याच चाचणीत केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळासमूहातल्या, बाकीच्या शाळांशी करा. तीसुद्धा तपासणी सगळीकडे सारखी कडक झाली असेल तरच.

बैठकीत कुणीतरी ‘परख’चे किंवा ‘नॅस’चे (देशभरातल्या शैक्षणिक सर्वेक्षणांचे) आकडे घेऊन येतंच, म्हणून हेही सांगून ठेवतो. ४ डिसेंबर २०२४ चं परख सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीचं होतं. त्याआधीचं नॅस, १२ नोव्हेंबर २०२१ चं, तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीचं. दोन्ही नमुना पद्धतीची. त्यातून जिल्ह्याचं चित्र कळतं, तुमच्या शाळेचं नाही.

आता काम. उत्तरपत्रिका कपाटात असतील तर बाहेर काढा आणि प्रश्ननिहाय तक्ता करा. एका वर्गाला दीड-दोन तास लागतात. आडव्या ओळीत मूल, उभ्या रकान्यात उपप्रश्न. बरोबरला १, चूकला ०, आणि काहीच लिहिलं नसेल तर ‘रि’. चूक आणि रिकामं वेगळं ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं. गुण नोंदवायच्या सरकारी चॅटबॉटवर गुण भरताना दोन्हींचा शेवट शून्यातच होतो, त्यामुळे तिथून परत आलेल्या अहवालात हा फरक सापडत नाही. पर्यायी प्रश्नात १-० ऐवजी मुलाने निवडलेला पर्यायच लिहा. तीन-चार गुणांच्या उदाहरणात मूल कोणत्या पायरीवर थांबलं, तो पायरीचा क्रमांक लिहा.

मग मुलं एकूण गुणांनुसार उतरत्या क्रमाने लावा आणि रकाने सोप्याकडून अवघडाकडे. एवढं केलं की तक्ता स्वतःच बोलायला लागतो.

शेवटचे चार-पाच प्रश्न खालच्या निम्म्या वर्गाचे रिकामे असतील तर अडचण वेळेची किंवा वाचनाच्या वेगाची आहे, त्या घटकांची नाही. एखादा सोपा प्रश्न वरच्या मुलांचाही चुकला असेल तर तो घटक शिकवायचा राहिलाय, नाहीतर तपासणीत गडबड आहे. वरचा एक तृतीयांश आणि खालचा एक तृतीयांश वर्ग एखाद्या प्रश्नात सारखाच बरोबर आला तर तो प्रश्न काहीच मोजत नाही: अंदाजपंचे उत्तरं आहेत किंवा शेजारच्याचं बघून लिहिलंय.

७० टक्क्यांपेक्षा जास्त मुलांना जमलेले प्रश्न सोडून द्या. ४० ते ७० मधल्यांवर आधी काम करा, कारण तिथे थोड्या तासांत फरक पडतो. ४० च्या खालचे बहुतेक मागच्या इयत्तांतल्या भोकांमुळे चुकलेले असतात, त्यांना वेगळी वाट लागते.

आणखी एक. दहा उत्तरपत्रिका घ्या, गुण झाका आणि दुसऱ्या शिक्षकाकडून उत्तरसूचीप्रमाणे तपासून घ्या. ५० पैकी तीनपेक्षा जास्त गुणांचा फरक वारंवार पडत असेल तर पायऱ्यांचे गुण कसे द्यायचे, ते आधी आपसात ठरवा. नाहीतर संकलित-२ ला निकाल वाढला तरी मुलं सुधारली की तपासणारा, ते कळणार नाही.

---

गणितपेटी

केंद्रवाल्यांचा तक्ता कुठे चुकतंय ते दाखवेल, का चुकतंय ते नाही. त्यासाठी चुकलेलं उत्तर वाचावं लागतं. आठवीत सापडणाऱ्या चुका फार नसतात, त्याच त्या पुन्हा येतात:

(−७) − (−४) याचं उत्तर −११. मूल मधल्या वजाबाकीच्या चिन्हाकडे न बघता ‘दोन्ही ऋण, म्हणजे मिळवा’ हा बेरजेचा नियम लावतंय. संख्यारेषेवर दोन तास घालवले तर निघते.

०.५ × ०.५ = २.५. दशांश चिन्ह कुठे द्यायचं याचा नियम पाठ आहे, पण अर्ध्याचं अर्धं पाव होतं ही जाण नाही. नियम पुन्हा घोकून ही जात नाही. १० × १० चौकटींच्या कागदावर ५ × ५ चा भाग रंगवून घ्या, शंभरात २५ चौकटी मोजल्या की मूल स्वतःच ०.२५ म्हणतं.

(अ + ब)² = अ² + ब². विस्तारसूत्र फळ्यावर लिहून उपयोग नाही. अ = ३, ब = ४ घालायला लावा: एकीकडे ४९, दुसरीकडे २५. मग चौरसाची आकृती काढून राहिलेले दोन आयत दाखवा, ३ × ४ चे. तेच ते २४.

८०० रुपयांवर २० टक्के सूट, उरलेल्यावर पुन्हा १० टक्के. उत्तर ५७६, मुलं लिहितात ५६०. सरळ ३० टक्के धरतात. सूट व कमिशन आणि पुढे चक्रवाढव्याज, दोन्हीकडे हीच चूक. ‘कशावर टक्के?’ हा एकच प्रश्न प्रत्येक पायरीला विचारायची सवय लावा.

व्यस्तप्रमाण: १२ मजूर द्राक्षबागेची छाटणी १५ दिवसांत करतात, तर २० मजुरांना किती दिवस? उत्तर ९, मुलं २५ काढतात. गंमत म्हणजे ज्या घरांतून माणसं छाटणीला जातात तिथली मुलंही वहीत २५ लिहितात. तोंडी विचारा, ‘माणसं वाढली तर काम लवकर उरकेल की उशिरा?’ लगेच ‘लवकर’ म्हणतात. म्हणजे समज आहे, पण आकडे दिसले की तिरका गुणाकार सुरू होतो. इथे नियम असा ठेवा: उत्तर काढण्याआधी ते १५ पेक्षा मोठं येणार की लहान, हे समासात लिहायचं. नाही लिहिलं तर उदाहरण तपासायचं नाही.

शाब्दिक उदाहरण चुकलं की गणित कच्चं, असं लगेच ठरवू नका. तीन पायऱ्यांत बघा. तेच उदाहरण आधी नुसत्या आकड्यांत द्या. मग शाब्दिक स्वरूपात मुलाला स्वतः वाचू द्या. मग तेच तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. आकड्यांतच चुकलं तर क्रिया येत नाही. तुम्ही वाचल्यावर सुटलं तर वाचन कच्चं. तुम्ही वाचूनही अडलं पण आकड्यांत जमलं, तर मांडणीची भाषा कळत नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक पट्ट्यातल्या शाळांत घरी हिंदी, भोजपुरी, अहिराणी बोलणारी मुलं बरीच असतात, त्यांच्यात हा तिसरा प्रकार हमखास सापडतो. अनुक्रमे, किमान, लगतच्या, वगळता, कितीने आणि कितीपट: हे शब्द पेपरात सतत येतात आणि बोलताना कधीच येत नाहीत. तीस-चाळीस शब्दांचा तक्ता भिंतीवर लावा आणि प्रत्येक शब्दावर एक ओळीचं उदाहरण रोज तोंडी घ्या. पाच मिनिटं पुरतात.

जुन्या प्रश्नपत्रिकांचं म्हणाल तर जानेवारीपर्यंत त्यांना हात लावू नये असं माझं मत. ज्याला ऋण संख्या येत नाहीत त्याला दहा पेपर दिले तरी तो ऋण संख्याच दहा वेळा चुकवणार.

---

काळी_शाई

गणितपेटी, शिष्यवृत्तीच्या बाबतीत एवढं टोकाला जाऊ नका. तिथे पेपर हाताळणं हेच एक कौशल्य आहे आणि ते जानेवारीत सुरू करून येत नाही.

पेपर १ मध्ये प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न. पेपर २ मध्ये तृतीय भाषेचे २५ आणि बुद्धिमत्तेचे ५०. प्रत्येक पेपर १५० गुणांचा, वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, आणि त्यातच उत्तरपत्रिकेवरचं वर्तुळ रंगवायचं. पात्र व्हायला प्रत्येक पेपरात ४० टक्के, म्हणजे ६० गुण हवेत. एका पेपरात ९० आणि दुसऱ्यात ५८ मिळवणारं मूल अपात्र ठरतं, हे पालकांना आधीच सांगा.

आठवीची खरी मेख दोन पर्यायांची. प्रत्येक पेपरात जास्तीत जास्त २० टक्के प्रश्नांना दोन बरोबर पर्याय असतात आणि दोन्ही रंगवले तरच गुण मिळतात. हिशेब करा: १५ प्रश्न, ३० गुण. एकच पर्याय रंगवायची सवय असलेलं मूल हे तीसच्या तीस घालवतं. पाचवीला ही भानगड नसल्याने मुलांची सवय तीच राहिलेली असते. प्रश्नात ‘दोन अचूक पर्याय निवडा’ अशी सूचना असते, पण घाईत ती सुटते. उपाय साधा: पेपर हातात आला की पहिल्या दोन मिनिटांत सगळे प्रश्न नजरेखालून घालायचे आणि प्रश्नपुस्तिकेत अशा प्रश्नांच्या क्रमांकाला गोल करायचा. हे सराव पेपरात प्रत्येक वेळी करून घ्यावं लागतं.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. मात्र यामुळेच कमी गुण वाचताना भान ठेवा. चार पर्यायांत डोळे मिटून रंगवलं तरी ७५ पैकी १८-१९ उत्तरं बरोबर येतात, म्हणजे ३७-३८ गुण. (दोन पर्यायांचे प्रश्न असले की थोडे कमी, कारण चारांतून जोडी सहा प्रकारे लागते.) ४० गुणांवरून ४४ वर आलेलं मूल सुधारलं असं समजू नका.

रंगवायचं ते निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने, प्रश्न सुटला की लगेच. शेवटी एकदम रंगवू म्हणणारी मुलं एक प्रश्न सोडतात आणि तिथून पुढची अख्खी रांग एका घराने सरकते. शाईने रंगवलेलं खोडता येत नाही. सरावालाही पेन्सिल देऊ नका. उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स काढा आणि पेननेच रंगवून घ्या.

आणि हो, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेलेली ही परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला आणायचा निर्णय झाला आहे. तुमच्या वर्षी कोणत्या वर्गाला काय लागू, ते महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या पत्रकात बघा. दुकानातल्या मार्गदर्शकाच्या मुखपृष्ठावर विसंबू नका.

---

सातपूर_गणित

तक्ता करायला घेतलाय. अर्ध्या वर्गाचाच झालाय, पण ‘रि’ बरेच आहेत आणि शेवटच्या पानावर जास्त. म्हणजे वाचनच. आठवीत अडखळत वाचणाऱ्यांचं काय करायचं? शिवाय जानेवारीनंतर काही मुलं येतच नाहीत. आणि शिष्यवृत्तीला निवडक मुलं बसवावीत का, म्हणजे टक्का तरी बरा दिसेल?

---

दिंडोरी_नाका

वाचनाचं आधी मोजा. दुसरीच्या पातळीचा एक परिच्छेद आणि एक छोटी गोष्ट घ्या. प्रत्येक मुलाला एकट्याला बोलावून वाचायला द्या. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी कुठे अडतं, ते लिहा. जोडीला हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. एका मुलाला चार-पाच मिनिटं लागतात. वर्गासमोर उभं करून वाचायला लावू नका, तेरा वर्षांचं मूल लाजेने गप्प बसतं आणि तुम्ही त्याला ‘अक्षर’मध्ये टाकून मोकळे होता.

मग सहावी-सातवी-आठवी एकत्र करून इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे गट पाडा. तिन्ही वर्गशिक्षकांनी रोज एकच तास एकाच वेळी ठेवायचा, प्रत्येकाकडे एक गट. तुमचा आदेशातला जादा तास इथेच वापरा. दर सहा आठवड्यांनी तीच तपासणी वेगळ्या परिच्छेदावर घ्या आणि मुलं वरच्या गटात सरकवा. गट कायमचे ठेवले की खालच्या गटाचा ‘ढ’ वर्ग होतो आणि सगळं मुसळ केरात.

गैरहजेरीचं म्हणाल तर नाशिकमध्ये तिला ठरावीक वेळापत्रक आहे. जानेवारी ते मार्च द्राक्षाचा हंगाम. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांवर उतरतात. मखमलाबाद-म्हसरूळ पट्ट्यातल्या मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतात. एमआयडीसीतल्या परप्रांतीय कामगारांची मुलं होळीच्या आसपास गावी जातात. शिष्यवृत्ती फेब्रुवारीत, संकलित-२ त्यानंतर. म्हणून महत्त्वाचे घटक डिसेंबरअखेर संपतील असं नियोजन मागून पुढे आखा, आणि जानेवारीनंतर उजळणीच ठेवा. गेल्या दोन वर्षांच्या हजेरीपटावरून जानेवारी-मार्चमध्ये दहापेक्षा जास्त दिवस बुडालेल्या मुलांची नावं आत्ताच काढा. कुटुंब स्थलांतर करणार असेल तर शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवा, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेला मूल कुठवर आलंय ते कळेल. नुसतं ‘पाठवत जा हो’ म्हणून पालक पाठवत नाहीत. परीक्षेची तारीख आणि केंद्राचं नाव लिहिलेली चिठ्ठी घरात लावून आलात तर त्या एका दिवशी तरी मूल येतं.

---

केंद्र_नाशिकरोड

निवडक मुलं बसवण्याबद्दल: दहा बसवून आठ पात्र झाली तर ८० टक्के, चाळीस बसवून सोळा झाली तर ४० टक्के. दुसऱ्या शाळेने दुप्पट मुलं पात्र केली आणि बैठकीत बोलणी तीच खाणार. त्यामुळे अहवालात टक्का एकटा लिहूच नका. पटावर किती, बसली किती, पात्र किती, हे तिन्ही आकडे एका ओळीत द्या. समितीला मागच्या वर्षीचेही तसेच द्या, वाद तिथेच मिटतो.

माझ्या मते परिच्छेद नीट वाचणारं प्रत्येक मूल बसवावं. मात्र ज्याला अजून वाचताच येत नाही त्याला तीन तास वर्तुळं रंगवायला बसवण्यात कुणाचंच भलं नाही.

---

काळी_शाई

सहमत. आणि शिष्यवृत्तीच्या नादात एनएमएमएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा) विसरू नका, आठवीसाठी तीच जास्त मोलाची: नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. ती साधारण डिसेंबरात होते, म्हणजे तुमच्याकडे वेळ त्याहून कमी. बौद्धिक क्षमतेचे ९० प्रश्न ९० मिनिटांत आणि शालेय क्षमतेचे ९० प्रश्न ९० मिनिटांत. शालेय पेपरात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित फक्त २०. सगळा भार गणिताच्या शिक्षकावर टाकणाऱ्या शाळा इथेच मार खातात. विज्ञान आणि समाजशास्त्राच्या शिक्षकांना बरोबर घ्या.

अटी: पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत आणि सातवीत किमान ५५ टक्के गुण, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५०. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो. अर्ज सुरू झाल्यावर पालकांना सेतू केंद्रात पाठवलं तर तारीख हुकते, ऑगस्टमध्येच सांगून ठेवा.

सर्वात जास्त नुकसान निवड झाल्यानंतर होतं. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो, आणि तोपर्यंत मूल नववीला दुसऱ्या शाळेत गेलेलं असतं. नव्या शाळेला माहीत नसतं, जुनी शाळा म्हणते आमचं काम संपलं. मुलाचं नाव आधार, शाळेचं रजिस्टर आणि बँक खातं या तिन्हींत अक्षरनअक्षर सारखं आहे का, ते आठवीतच तपासा. खातं मुलाच्या नावाने हवं आणि आधारशी जोडलेलं. दाखला देताना निवडपत्राची झेरॉक्स सोबत द्या आणि नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करा. पुढे दरवर्षी नूतनीकरण असतं. दहावीत ६० टक्क्यांची अट आहे, अनुसूचित जाती-जमातीला ५५. तीही पालकांना लेखी द्या.